पोपट पाळायचा तर घरालाच थवा व्हावं लागतं

सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढलं की आमची टिक्की आधी डावा पंख आणि डावा पाय एकत्र मागे ताणते, मग उजवा. शेपटी झटकते, रात्रभर साठलेली भलीमोठी शिट टाकते आणि माझ्याकडे बघून एक हाक मारते. हाकेला उत्तर मिळालं की ती निवांत खायला लागते. नाही मिळालं, तर पुढची पंधरा मिनिटं घरात कुणाला फोनवर बोलता येत नाही.

टिक्की कॉकाटील (तुरा असलेला छोटा पोपट) आहे, वय ९ वर्षं. तिच्याआधी आमच्याकडे बजरीगरची जोडी होती. (बोलताना यांनाच सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, बजरीगर ऑस्ट्रेलियातले.) रानात पोपट थव्यात जगतो, थव्याबरोबर खातो, झोपतो आणि कोण कुठे आहे याचा सतत कानोसा घेत असतो. घरात आला की तो तुमच्यात थवा शोधतो. चावतो, किंचाळतो, पिसं उपटतो अशा तक्रारी घेऊन लोक येतात, तेव्हा बहुतेकदा आजार नाहीतर ही शोधाशोधच त्यामागे असते. म्हणून पोपटाची निगा हे एका हौशी माणसाचं काम नाही. सगळ्या घराने मिळून बसवायची घडी आहे.

आणण्याआधीचं बोलणं

पहिला मुद्दा आयुष्याचा. नीट सांभाळलेला बजरीगर ५ ते १० वर्षं जगतो, लव्हबर्ड १० ते १५, कॉकाटील १५ ते २०. आफ्रिकन ग्रे आणि अ‍ॅमेझॉन या पोपटाच्या जाती ४० ते ६० वर्षं काढतात, मोठे मकाव पन्नाशी सहज ओलांडतात. म्हणजे पन्नाशीच्या माणसाने आफ्रिकन ग्रेचं पिल्लू आणलं, तर पुढे ते कुणाकडे जाणार हे त्याच दिवशी ठरवलेलं बरं. मुलांच्या हट्टापायी तर पोपट घेऊच नये. मुलं शिकायला बाहेर पडतात, पोपट तिथेच असतो.

दुसरा मुद्दा आवाजाचा. सगळे पोपट सकाळी आणि सूर्यास्ताच्या सुमाराला ओरडतात. कॉकाटू आणि मकाव यांचा आवाज भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही ‘पाळावा’ लागतो. तिसरा मुद्दा धुळीचा. कॉकाटू, आफ्रिकन ग्रे आणि कॉकाटील यांच्या अंगावरून पिठासारखी पांढरी भुकटी झडते. घरात कुणाला दमा असेल तर असा पक्षी असलेल्या घरी दोन-तीन वेळा तासभर बसून या, मग ठरवा.

कुठून आणावा? रानातून पकडलेला पक्षी नको, किती का ओळखीतून येईना. आफ्रिकन ग्रेची अशी लूट झाली की २०१६ साली साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत, म्हणजे परिशिष्ट १ मध्ये त्याला घालावं लागलं. आपल्या भागातल्या रानात आढळणाऱ्या जाती पाळायला बऱ्याच देशांत बंदी असते, तेव्हा कायदा आधी तपासा. स्वतःच्या चोचीने खायला न लागलेलं पिल्लूही घेऊ नका. ‘हाताने भरवलं की माणसाळतं’ असं सांगून ते गळ्यात मारतात. नवख्याच्या हातून खिमट श्वासनलिकेत जातं किंवा जास्त गरम दिल्यामुळे गळ्यातली अन्नपिशवी आतून भाजते. माझं मत विचाराल तर पहिला पोपट मोठा झालेला, कुणाला तरी सांभाळणं जमत नसलेला घ्यावा. त्याचा स्वभाव समोर दिसतो.

आणि पक्षी घरात येण्याच्या आधी पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधून ठेवा. कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर पोपट हाताळत नाहीत, आणि हा शोध मध्यरात्री घेण्यासारखा नसतो.

घर तपासून घ्या, सुरुवात स्वयंपाकघरापासून

पक्ष्याच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते. हवेच्या पिशव्यांमुळे श्वास सोडतानाही फुप्फुसात ताजी हवा जात असते. उडायला ही रचना उत्तम, पण विषारी वायूही ती तितक्याच सफाईने शोषते. नॉनस्टिक तव्यावरचा टेफ्लॉनचा थर जास्त तापला की त्यातून निघणारा वायू पोपटाला काही मिनिटांत मारतो. माणसाला त्याचा वासही येत नाही. तवा रिकामा गॅसवर विसरला, एवढं पुरतं. आम्ही सगळी नॉनस्टिक भांडी काढून टाकली आणि लोखंडी, स्टीलची ठेवली. इस्त्री, एअर फ्रायर, हीटर यांतही हा थर असू शकतो. सिगारेट, रूम फ्रेशनर, सुगंधी मेणबत्ती, डासांची कॉइल, कीटकनाशकाचा फवारा हे सगळं पक्ष्याच्या खोलीतून हद्दपार करा.

पोपट बाहेर सोडायच्या आधी एक फेरी मारायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा: पंखा बंद, खिडक्या आणि बाहेरचं दार बंद, संडासाचं झाकण खाली, पाण्याच्या बादल्या झाकलेल्या, गॅसवर काही नाही. आमच्या पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी आहे. पट्टी काढताना हात आपोआप थांबतो. मोठ्या काचांवर आणि आरशांवर पहिले काही दिवस कागद चिकटवा, म्हणजे तिथे भिंत आहे हे त्याला कळेल.

पंख छाटण्याबद्दल विचारलं जातंच. मी छाटत नाही. छाटलेला पक्षी धडपडतो, छातीवर आपटतो आणि भीती वाटली तर पळून जायचा मार्ग बंद झाल्यामुळे जास्त चावतो. शिवाय वाऱ्याच्या झोतावर तो तरीही लांब जाऊ शकतो, म्हणजे ज्यासाठी छाटले तेही साधत नाही.

पिंजरा

दुकानात दिसणारा गोल, घुमटाचा पिंजरा शोभेचा. पोपट आडवा उडतो, म्हणून उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. किमान माप म्हणजे दोन्ही पंख पसरून कुठेही न घासता फडफडता आलं पाहिजे. त्याहून मोठा मिळाला तर मोठाच घ्या. गजांमधलं अंतर बजरीगरसाठी साधारण सव्वा सेंटिमीटर, कॉकाटीलसाठी दीड ते दोन, आफ्रिकन ग्रेसाठी दोन ते अडीच. डोकं आत जाईल पण बाहेर येणार नाही, असं अंतर सर्वांत घातक. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी टाळा. पोपट चोचीने गज चावत चढतो, आणि जस्त व शिसं दोन्ही त्याला विष आहेत.

दांड्या सगळ्या एकाच जाडीच्या, गुळगुळीत असतील तर तळव्याच्या त्याच जागेवर भार पडून फोड येतात, पुढे चिघळतात. पोपटाची दोन बोटं पुढे, दोन मागे असतात. वेड्यावाकड्या, कमीजास्त जाडीच्या खऱ्या फांद्यांवर त्यांना व्यायाम मिळतो. औषध न फवारलेल्या, विषारी नसलेल्या झाडाची फांदी घासून धुऊन, वाळवून लावा. सँडपेपरच्या नळ्या घालू नका. अन्नपाण्याच्या वाट्या दांडीच्या बरोबर खाली नकोत, कारण उघड आहे.

जागा बैठकीच्या खोलीत, जिथे माणसांची ये-जा असते. एक बाजू भिंतीला टेकलेली, म्हणजे पाठ सुरक्षित वाटते. थेट उन्हात नको, स्वयंपाकघरात तर नकोच.

पहिले दोन आठवडे

नवीन पक्षी आला की सगळ्यांना त्याला हातात घ्यायचं असतं. नेमकं तेच करायचं नाही. पहिले तीन-चार दिवस फक्त जवळ बसा. वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, तिथेच चहा प्या, टक लावून बघू नका. समोरून रोखलेले दोन डोळे म्हणजे त्याच्यासाठी शिकारी. तो तुमच्यादेखत खायला आणि पिसं साफ करायला लागला की पुढची पायरी. त्याला सर्वांत आवडतो तो दाणा वाटीतून काढून टाका आणि फक्त हातातून, गजांमधून द्या. मग दार उघडून हात आत, तळव्यावर दाणा. मग बोट पोटाच्या खालच्या बाजूला, पायांच्या किंचित वर आडवं धरा, ‘वर ये’ म्हणा आणि थांबा. ढकलू नका. तो चढला की लगेच बक्षीस, नाही चढला तर हात मागे. एका वेळी पाच मिनिटं पुरेत. हातमोजे घालून पकडलेला पोपट महिनोन्‌महिने हाताला घाबरतो.

हे काम पाळीपाळीने घरातल्या सगळ्यांनी करायचं. एकानेच केलं तर पोपट त्या एकाला जोडीदार मानतो आणि बाकीच्यांच्या अंगावर धावून जातो.

घरात आधीपासून दुसरा पक्षी असेल तर नव्याला किमान ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, हात धुऊन मगच जुन्याकडे जा. चोच आणि पिसांचा विषाणूजन्य आजार वरून धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्यातही असू शकतो.

खाणं

फक्त दाण्यांवर ठेवलेला पोपट वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतो आणि एक दिवस कोसळतो. सूर्यफुलाच्या बियांत चरबी भरपूर, अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही, कॅल्शियम कमी. यकृतात चरबी साठते, नाकातोंडाच्या आतलं अस्तर बिघडून संसर्ग होतात. आफ्रिकन ग्रेला कॅल्शियम कमी पडलं तर झटके येतात.

ढोबळ हिशोब असा: ६० ते ७० टक्के चांगल्या प्रतीचे पेलेट (पोपटासाठी बनवलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या), उरलेल्यात मुख्यतः भाज्या, थोडं फळ, आणि बिया फक्त बक्षीस म्हणून. भाज्यांत गडद हिरव्या आणि केशरी हव्यात, म्हणजे गाजर, लाल भोपळा, रताळं, ब्रोकोली, पालेभाजी, शेंगा. मिरचीचं म्हणाल तर पक्ष्यांना तिखट लागतच नाही. माणसाच्या जिभेला झोंबणारं कॅप्सायसिन त्यांच्या मज्जातंतूंवर कामच करत नाही. टिक्की मिरची उभी चिरून आतल्या बिया टिपते आणि सालं माझ्या अंगावर टाकते.

दाण्यांची सवय लागलेल्या पोपटाला उपाशी ठेवून पेलेटवर आणू नका. समोर पेलेट असूनही तो अन्न म्हणून ते ओळखत नाही आणि खरोखर उपाशी मरू शकतो. सकाळी भूक लागलेली असताना आधी भाजी किंवा पेलेट, तासा-दोन तासांनी नेहमीचे दाणे. दर आठवड्याला दाणे थोडे कमी. त्याच्यासमोर तुम्ही खाऊन दाखवलंत तर काम लवकर होतं, थव्यात तसंच शिकतात. आम्हाला यात अडीच महिने लागले, आणि गाजर किसून, उकडून, लांब चिरून असं सगळं करून झाल्यावर ती एकदाची त्याला चोच लावायला तयार झाली.

कधीच देऊ नये ते: अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, कांदा-लसूण, खारवलेलं, तळलेलं, सफरचंदाच्या बिया. तोंडातला घास भरवू नका. आपल्या लाळेतले जंतू त्याला सोसत नाहीत. वाळूचे खडेही नकोत, पोपट दाणा सोलून खातो, त्याला दळायला खडा लागत नाही. ओलं अन्न दोन-तीन तासांत उचला, पाणी दिवसातून दोनदा बदला.

डोक्याला काम, डोळ्याला झोप

अर्थ न कळता घोकण्याला आपण पोपटपंची म्हणतो. पण संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ पासून अ‍ॅलेक्स नावाच्या आफ्रिकन ग्रेवर तीस वर्षं काम केलं. २००७ मध्ये तो मेला तेव्हा शंभरेक शब्द वापरत होता, वस्तूचा रंग, आकार आणि ती कशाची बनली आहे ते सांगत होता, सहापर्यंत मोजत होता. असं डोकं दिवसभर एका दांडीवर, भरलेल्या वाटीसमोर बसवलं तर ते स्वतःच्याच पिसांकडे वळतं. म्हणून अन्न शोधायला लावा. कागदाच्या पुडीत दाणा गुंडाळा, पुठ्ठ्याच्या नळीत भाजी कोंबा, पालेभाजीची जुडी ओली करून टांगा. पहिली पुडी त्याच्यासमोर उघडून दाखवा. खेळणी फाडण्यासाठीच असतात. दोन दिवसांत चिंध्या झाल्या तर खेळणं चांगलं होतं असं समजा. रोज काही तास पिंजऱ्याबाहेर आणि आठवड्यातून दोन-तीनदा कोमट पाण्याचा हलका फवारा किंवा पसरट भांड्यात आंघोळ.

झोप १० ते १२ तास, अंधारात आणि शांततेत. रात्री उशिरापर्यंत टीव्ही चालणाऱ्या घरात हे सर्वांत अवघड जातं. आम्ही शेवटी आतल्या खोलीत झोपण्यापुरता छोटा पिंजरा ठेवला. कॉकाटील रात्री अचानक दचकून पिंजऱ्यात आपटतात, तेव्हा अगदी मंद दिवा चालू ठेवा.

ओरडणं आणि चावणं

किंचाळण्याचे दोन प्रकार ओळखा. एक ‘कुठे आहात?’ ही थव्याची हाक. तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात की ती येते. तिला उत्तर द्यायचं, पण तुम्ही ठरवलेल्या आवाजात. आमच्या घरी दोन सुरांची छोटी शीळ आहे, वर-खाली. टिक्की किंचाळली तर कुणी हलत नाही. ती जरा बऱ्या आवाजात बोलली की जो जवळ असेल तो शीळ घालतो. सहा आठवड्यांत किंचाळणं निम्म्यावर आलं. दुसरा प्रकार आपण शिकवलेला: पोपट ओरडतो, कुणीतरी धावत येऊन ‘गप्प बस’ म्हणतं, आणि त्याला हवी होती ती सोबत मिळते. इथे घरातलं एक माणूस जरी फुटलं तरी सगळी मेहनत पाण्यात. आमच्याकडे आजोबा फुटायचे. लपून शेंगदाणा द्यायचे.

चावण्याआधी पोपट सांगत असतो. डोळ्याची बाहुली भराभर लहानमोठी होते, शेपटीची पिसं पंख्यासारखी पसरतात, मानेवरची पिसं उभी राहतात, अंग ताठ होतं. कॉकाटीलचा तुरा डोक्याला चपटा चिकटला की हात मागे घ्या. चावलाच तर ओरडू नका, हात झटकू नका, चोचीवर मारू तर अजिबात नका. शांतपणे जवळच्या दांडीवर उतरवा आणि मिनिटभर दुर्लक्ष करा.

एक वेगळं कारण वयात येण्याचं. पाठीवरून, पंखांखालून, शेपटीपाशी कुरवाळलं की पोपट त्याला प्रणय समजतो. लाड फक्त डोक्यावर आणि मानेवर. खोकी, कपाटाखालची पोकळी, सोफ्याची सांद ही त्याच्या मते घरट्याची जागा. आम्ही हौसेने टिक्कीला बुटांचा रिकामा खोका खेळायला दिला आणि तीन आठवड्यांत तिने त्यात चार अंडी घातली. नर नसतानाही मादी अंडी घालते. अंडी लगेच उचलली तर ती भर काढायला आणखी घालते आणि अंगातलं कॅल्शियम संपवते. म्हणून तिला कंटाळा येईपर्यंत बसू द्यावं. मादी फुगून, जोर लावत तळाशी बसली असेल तर अंडं अडकल्याचा संशय घ्या आणि त्याच क्षणी डॉक्टर गाठा.

वजनकाटा

पोपट आजार लपवतो. थव्यात दुबळा दिसणारा आधी शिकार होतो, म्हणून अंगात त्राण असेपर्यंत तो धडधाकट असल्याचं नाटक करतो. आमचा पहिला बजरीगर दोन दिवस पिसं फुलवून बसायचा. थंडी वाजत असेल म्हणून आम्ही त्याच्यावर जास्तीचं कापड टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी होता. डॉक्टरांनी बोटाने छातीचं हाड दाखवलं: दोन्ही बाजूंचं मांस उतरून ते सुरीसारखं वर आलं होतं. पिसांमुळे आम्हाला काही दिसलंच नव्हतं.

तेव्हापासून ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला काटा पक्ष्याचा झाला. त्यावर एक छोटी दांडी बसवली आहे. रोज सकाळी, शिट टाकल्यावर आणि खाण्याआधी वजन. टिक्की ९२ ते ९५ ग्रॅममध्ये असते. आकडा सलग तीन दिवस उतरला तर आम्ही सावध होतो. १० टक्के उतरला तर वाट बघत नाही.

शिटही रोज बघा. तिचे तीन भाग असतात: घट्ट हिरवा किंवा तपकिरी मळ, पांढरा युरेट (लघवीतला घट्ट भाग) आणि पाणी. पांढरा भाग पिवळा-हिरवा झाला, मळ काळा किंवा रक्ताचा दिसला, न पचलेले दाणे आले, तर डॉक्टर. श्वासागणिक शेपटी वरखाली होणं, दिवसा फुगून डोळे मिटून बसणं, तळाशी बसणं, नाकाभोवती ओल, आवाज बदलणं, ही सगळी त्याच दिवशी जायची कारणं. नेईपर्यंत छोट्या खोक्यात ऊब द्या, काहीही बळेच पाजू नका. नख तुटून रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा.

माणसांसाठी एक सूचना. पोपटाकडून सिटॅकोसिस नावाचा जिवाणूजन्य आजार होऊ शकतो, दिसायला फ्ल्यू किंवा न्यूमोनियासारखा. घरात कुणाला ताप-खोकला रेंगाळला तर डॉक्टरांना ‘घरी पोपट आहे’ हे न विचारता सांगा. निदान वेळेत झालं तर प्रतिजैविकांनी तो बरा होतो. तळाचा कागद रोज बदला, सुकलेली शिट झाडू नका. ओली करून पुसा.

मांजर आणि पोपट एका खोलीत एकटे कधीही नाहीत, मांजर कितीही गरीब असो. तिचा दात किंवा नख जरासं लागलं तरी लाळेतल्या जंतूंनी पोपट एक-दोन दिवसांत जातो. जखम दिसत नसली तरी तातडीने दवाखाना.

गावाला जाताना

सांभाळायला येणाऱ्यासाठी आम्ही फ्रीजवर एक कागद लावतो: सकाळचं वजन, कोणती वाटी किती, काय द्यायचं नाही, झोपेची वेळ, डॉक्टरांचा फोन, पंख्याची चिकटपट्टी. कागदाच्या मागच्या बाजूला पोपट उडून गेला तर काय करायचं ते आहे. नजर त्याच्यावरून हलवायची नाही, पिंजरा बाहेर उघडा ठेवायचा, ओळखीच्या आवाजात हाका मारत राहायचं. घरात वाढलेल्या पोपटाला उंचावरून तिरकं खाली उतरणं जमत नाही, म्हणून तो झाडाच्या शेंड्यावर अडकतो. सरळ खालून नाही, लांबून आणि त्याच्या पातळीवरून बोलावायचं. अंधार पडला की तो हलत नाही, दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी तिथे हजर राहायचं.

शीळ मात्र कागदावर लिहिता येत नाही. ती मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवतो, आणि येणाऱ्याने जमेपर्यंत ती आम्हाला फोनवर वाजवून दाखवायची असते.